पाणी बेचाळीस

यंदा होळीच्या आधीच आमच्या गल्लीत टँकर आला. भिंगारला उन्हाळ्यात टँकर येणं काही नवं नाही, पण इतक्या लवकर तो येत नसतो. पाइप रस्त्यावर पडल्याचा थप्प असा आवाज होतो आणि घराघरांतून बादल्या बाहेर पडतात. मी जिन्यात उभी राहून बघते. लष्कराच्या हद्दीतल्या मोकळ्या माळावरून दुपारचा वारा धूळ घेऊन येतो, आणि तोंड कितीही मिटून धरलं तरी जिभेवर मातीची चव येऊन बसते. ती चव मला एका उन्हाळ्यात नेऊन सोडते. पन्नासच्या वर वर्षं झाली त्याला. बाकीचे उन्हाळे आले तसे गेले, हा एक गेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू मुलगी राहते. पुण्याच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, घरूनच काम करते. रोज सकाळी दहाला तिची टीम कॉम्प्युटरवर जमते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढं प्रत्येकाने सांगायचं असतं. परवा ती तणतणत खाली आली.

"काकू, आमच्याकडे कुणी कुणाशी बोलतच नाही हो. नुसते आपापलं सांगून मोकळे होतात. तुम्हीपण प्रोग्रॅमर होतात ना? तुमच्या वेळी टीम कशी असायची?"

"सात माणसं आणि मध्ये एक खिडकी," मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत करतेय. हसली, चहा प्यायली, वर गेली. माझा मात्र सबंध दिवस त्या खिडकीपाशी गेला.

*

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. दिवाळीपर्यंत विहिरींनी तळ दाखवला आणि सरकारने बोअर पाडायच्या गाड्या मागवल्या. गाड्या मोजक्या, गावं भरमसाट. कुठल्या गावाला आधी गाडी पाठवायची हे ठरवायला एक तात्पुरती कचेरी निघाली, भिंगारमध्येच, कौलारू छपराच्या एका जुन्या बंगल्यात. विहिरी मोजायच्या, आकडे कार्डांवर भोकं पाडून टिपायचे, कार्डं पुण्याला पाठवायची. तिथला कॉम्प्युटर गावांची क्रमवार यादी काढून देणार. ज्यांच्या विहिरीत पाणी सगळ्यात कमी, ती गावं वर.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. गणितात एम.एस्सी. झालेली, पुण्यात तीन महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स केलेली. वडील इथल्याच एका लष्करी कचेरीत कारकून होते, आम्ही स्टाफ क्वार्टरमध्ये राहायचो. कॉम्प्युटर हा शब्द उच्चारला की आमच्या लायनीतल्या बायका पदर सावरून माझ्याकडे बघायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

कचेरीचे प्रमुख निकम साहेब, इंजिनियर, नाशिकहून बदलून आलेले. शिस्तीचे, सज्जन, आणि बडबडीचा मनस्वी तिटकारा असलेले. "बोललं की चुका होतात," हे त्यांचं तत्त्व. "ज्याने त्याने आपलं काम चोख करावं, पुढच्याच्या कामात नाक खुपसू नये." म्हणून त्यांनी मधल्या भिंतीतल्या खिडकीला एक फळी ठोकून घेतली होती. मोजणीदार बाहेरच्या ओसरीवर. त्यांनी वह्या फळीवर ठेवायच्या. आतल्या खोलीत मी आणि एस्तेरबाई. मी प्रोग्राम लिहायची, कुठला आकडा कार्डाच्या कुठल्या रकान्यात जाणार ते ठरवून द्यायची, आणि एस्तेरबाई पंचिंग मशीनवर कार्डं पाडायच्या.

एस्तेरबाई चाळिशीच्या. भिंगारच्या चर्चमागे राहायच्या, रविवारी तिथे पेटी वाजवायच्या. मशीनवरही त्यांची बोटं तशीच पडत. मध्येच थांबल्या की समजावं, आकडा त्यांना खटकला. एकदा अशाच थांबल्या.

"सुधा, हे भानुदास म्हणून आहेत ना, पाथर्डीकडचे, त्यांचे आकडे बघ. बाकीच्यांचे चार, सहा, फार तर नऊ. यांचे सगळे तीस-चाळीसच्या घरात. त्या बाजूला एवढं पाणी आहे?"

मी प्रोग्राममध्ये बुडालेली होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्ही आहेत तसे पंच करा हो. विचार करायला मशीन आहे."

मशीनची टकटक पुन्हा सुरू झाली.

*

भानुदास पस्तिशीचे असतील. तिसगावहून पुढे डोंगराच्या अंगाला कुसळवाडी म्हणून गाव, तिथले. उंच, वाळकुडे, पायात टायरच्या चपला, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. दहा-दहा मैल चालून विहिरी मोजायचे. खिडकीपाशी आले की आधी वही रुमालाने पुसून घ्यायचे, मग फळीवर ठेवायचे. मला 'बाई' म्हणायचे. मी त्यांना काहीच म्हणत नसे, कारण मला कधी त्यांना हाक मारायची वेळच आली नव्हती.

पहिली यादी पुण्याहून आली ती संक्रांतीच्या सुमाराला. लांबच लांब, घडीघडीचा कागद. आम्ही तो ओसरीवर अंथरला आणि सगळे त्याच्याभोवती वाकलो. छापलेली अक्षरं काय रुबाबदार दिसत होती! भानुदासांनी बोटाने गावं वाचत वाचत शेवट गाठला. कुसळवाडी तळाला होती. त्यांची सगळीच गावं तळाला होती.

थोड्या वेळाने ते खिडकीशी आले.

"बाई, आमचा भाग समद्यांच्या खाली कसा काय?"

"यादी मी नाही काढत, मशीन काढतं."

"त्ये व्हय. पर आमच्याकडं लई कठीन हाय."

आतून निकम साहेबांनी ऐकलं. समजुतीच्या स्वरात म्हणाले, "भानुदास, प्रत्येकाला आपलंच गाव कठीण वाटतं. म्हणून तर हा खटाटोप. मशीनला कुणी आपलं नाही, कुणी परकं नाही."

भानुदासांनी दोराचं वेटोळं खांद्यावर सरकवलं. "मंग दुसरीकडं याच्यापरीस वाईट आसंल," असं म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कळवळ दिसली. न पाहिलेल्या त्या गावांसाठी. मला ती अजून दिसते.

*

त्या उन्हाळ्याचे तुकडे माझ्याजवळ उरलेत ते असे. पत्र्याच्या पिंपात बुडालेल्या ग्लासाचा आवाज. माळावर उभी असलेली गुरं, त्यांच्या बरगड्या लांबून मोजता येत. खडी फोडायच्या कामावर निघालेल्या बायकांच्या रांगा, डोक्यावर पाटी आणि पाटीत निजलेलं मूल. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा वास, ती घशाखाली उतरायची नाही. कार्डांच्या कोऱ्या पुठ्ठ्याचा वास मात्र मला सुगंधी वाटायचा. दुष्काळात मला काम मिळालं होतं, ते नव्या युगाचं होतं, आणि मी मनातल्या मनात फार सुखी होते. हे लिहिताना हात थांबतो. पण होते.

फाल्गुनात भानुदास आठ-दहा दिवस आलेच नाहीत. वह्या थकल्या म्हणून निकम साहेब चिडचिड करू लागले. मग एका सकाळी भानुदास ओसरीवर येऊन बसलेले दिसले. डोक्यावरचे केस काढलेले, वर पांढरा रुमाल. एस्तेरबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मशीन बंद केलं. "जा ना," त्या मला म्हणाल्या. "विचार तरी."

मी बाहेर गेले. इतक्या महिन्यांत मी ओसरीवरच्या त्या बाकावर पहिल्यांदा बसले.

"आक्का गेली," ते म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. आई नसलेल्या भानुदासांना तिनेच वाढवलं होतं.

"गावच्या हिरीत तळाला निसतं डबकं ऱ्हायलंय. खाली उतरून वाटीनं भरावं लागतं. आक्का अंगानं हलकी, म्हून तीच उतरायची समद्यांसाठी. त्या दिशी पाय सुटला. कमरंचं हाड मोडलं. अकरा दिस हुती."

ते पुढे बोलत राहिले, सावकाश, बाकाच्या लाकडाकडे बघत.

"माघ म्हैन्यात गावकरी म्हनत हुते, कचेरीवर चालून जाऊ, गाडी आनू. म्याच थांबवलं त्यास्नी. म्हनलं, दुसरीकडं आपल्यापरीस वाईट हाय, म्या यादी डोळ्यांनी बगितलीया. आदी त्यास्नी मिळू द्या. आक्का म्हनली, बराबर हाय भानूचं."

त्यांची वही आमच्या दोघांच्या मध्ये उघडी पडली होती. माझी नजर सहज गेली. कुसळवाडी, गावठाण विहीर, पाणी बेचाळीस.

"पण भानुदास," मी म्हणाले, "विहिरीत बेचाळीस फूट पाणी आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण भाषा न समजणाऱ्या माणसाकडे बघतो.

"बेचाळीस फूट न्हाई, बाई. बेचाळीस फुटावर. वरनं दोर सोडला तर बेचाळीस फुटावर पानी लागतं. आत हातभर बी न्हाई."

माळावरून वारा आला आणि वहीची पानं फडफडली. मी पानांवर हात ठेवला, एवढंच आठवतं. उन्हाने कागद तापलेला होता.

*

वहीत आम्ही छापून दिलेल्या तक्त्यात त्या रकान्याला नाव होतं फक्त 'पाणी'. बाकीचे तिघे मोजणीदार कालव्याच्या भागातले. ज्याच्या गावात पाणी असतं, तो पाणी किती आहे ते मोजतो. ज्याच्या गावात नसतं, तो दोर किती लागेल ते मोजतो. चौघांनीही इमानाने मोजलं होतं. मी तो आकडा विहिरीतल्या पाण्याची उंची म्हणून धरला आणि प्रोग्राम लिहिला. तो बिनचूक चालला. जितकी कोरडी विहीर, तितकं ते गाव खाली ढकलत गेला.

एका वाक्याचा प्रश्न होता. फळीच्या या बाजूने त्या बाजूला विचारायचा.

मी निकम साहेबांना सांगितलं. ते टेबलावरची दौत इकडची तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "मोजणीदाराने नोंद चुकीच्या पद्धतीने केली, असं वर कळवावं लागेल." मी म्हणायला हवं होतं, की साहेब, तक्ता आपला होता, आणि धरून चालले ती मी. संशय आला होता तो एस्तेरबाईंना, आणि त्यांना गप्प केलं तेही मी. मी यातलं काही बोलले नाही. भानुदासांना ताकीद मिळाली. त्यांनी कागद घेतला, कपाळाला लावला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. सरकारी कागद ते असाच घ्यायचे.

यादी पुन्हा काढली. कुसळवाडी दुसऱ्या क्रमांकावर आली. गाडी गेली तेव्हा मीही जीपमधून गेले, साहेबांनी पाठवलं. गाव दगडगोट्यांतलं, निम्मी दारं कड्या लावून बंद, माणसं कामावर पांगलेली. उरलेले म्हातारेकोतारे रांगेने उकिडवे बसले होते. बोअरची गाडी घरघरली, आधी पांढरा भुकटा उडाला, मग करडा, आणि दुपार कलायच्या आत भिजलेला गाळ वर आला. मागून पाणी. म्हातारी माणसं ओरडली नाहीत, नाचली नाहीत. एक आजीबाई पुढे झाली, चिखलात हात घालून तिने तो तोंडावरून फिरवला आणि रडायला लागली. "आक्के, बग गं," म्हणाली. भानुदास तिथून उठून गावाबाहेरच्या बाभळीपर्यंत चालत गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

पाणी तिथे होतंच. एवढे दिवस होतंच.

*

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई कचेरीत आल्या त्या थेट ओसरीवर. आपली खुर्ची आतून ओढत बाहेर आणली. निकम साहेबांनी विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "साहेब, मला आकडे ऐकू येत नाहीत आत." एवढंच. शांत बाई, पण त्या दिवशी त्यांच्या आवाजापुढे कुणाचं चाललं नसतं. मीही माझे कागद घेऊन बाहेर गेले. मला आत बसवतच नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही ओसरीवर एकत्र बसायला लागलो. मोजणीदाराने वही मोठ्याने वाचायची. मी त्या आकड्याचं पुढे काय करणार ते साध्या मराठीत सांगायचं. एस्तेरबाईंनी कार्डावरून उलट वाचून दाखवायचं. कुणीही कुणालाही अडवावं. भानुदास सगळ्यात जास्त अडवत. "म्हंजी काय?" हा त्यांचा शब्द. उताराची जमीन म्हंजी काय? जवळची विहीर म्हंजी किती जवळ, घागर घेऊन का मोकळ्या हातानं? त्यांच्या एकेका 'म्हंजी काय'ने माझा प्रोग्राम उसवायचा आणि मी तो पुन्हा विणायची. काम आधी रखडलं. मग, कसं कोण जाणे, चुकली म्हणून पुण्याहून परत येणारी कार्डं थांबली. निकम साहेब महिनाभर दारात उभे राहून ऐकत. एका शनिवारी तेही आपली खुर्ची घेऊन आले, आणि खाली बघत म्हणाले, "मलाही एक शंका आहे, विचारू का?"

पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. पुण्यात, मग मुंबईत, मोठाल्या खोल्यांत, हुशार पोरापोरींच्या कधी वर, कधी हाताखाली. माणसांनी एकत्र कसं काम करावं, याच्या नवनव्या पद्धती दर चार वर्षांनी यायच्या, त्यांची गुळगुळीत नावं असायची. लोक मला म्हणायचे, तुमच्या टीममध्ये भांडणं कशी होत नाहीत, चुका आधीच कशा सापडतात? मी म्हणायची, आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो. ही पद्धत कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायची. कारण ती शिकायला काय पडलं, ते कुठल्या तोंडाने सांगणार?

*

कचेरी पुढच्या वर्षी बंद झाली. एस्तेरबाई देवाघरी गेल्यालाही आता बराच काळ लोटला. भानुदासांना मी त्यानंतर एकदाच भेटले, वीसेक वर्षांनी. एका लग्नाला गेले होते, परतताना तिसगावच्या आठवडे बाजारात गाडी थांबली, आणि मिरच्यांच्या ढिगांपलीकडे ती उंच आकृती दिसली. केस पिकलेले, पाठ किंचित वाकलेली. त्यांनी मला लगेच ओळखलं. आम्ही चहाच्या टपरीसमोर बसलो. पोरांची चौकशी झाली, पावसाची झाली. मग माझ्याने राहवेना.

"भानुदासभाऊ, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ती ताकीद तुम्हाला मिळाली... चूक तुमची नव्हती. माझी होती."

"ठावं हाय की," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तवापसनंच. एस्तेरबाईंनी सांगितलं हुतं, दुसऱ्याच दिशी. रडत हुत्या. म्हनल्या, मला दिसलं हुतं पर म्या पुन्यांदा बोलले न्हाई."

मी कपाळावरचा घाम पुसला. त्या उन्हाळ्याचे सगळे शनिवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. माझ्याशेजारी बसून वही वाचणारे, थांबून 'म्हंजी काय' विचारणारे, माझी वाक्यं मला परत समजावून देणारे भानुदास. सगळं माहीत असलेले.

"मग तुम्ही मला काहीच कसं बोलला नाहीत?"

त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून फिरवला.

"बोललो आसतो तर तुमी उठून गेल्या आसत्या. नवी नेमनूक व्हायला दोन-तीन म्हैने. अजून चाळीसभर गावं ऱ्हायली हुती, बाई. तितं बी कुनाची तरी आक्का उतरतच आसंल."

बाजाराचा गलका आमच्या दोन्ही बाजूंनी चालला होता. मी विचारू नये ते विचारलं.

"राग आला होता माझा?"

"व्हय," ते म्हणाले. "लई. अजून बी येतो कवाकवा."

त्यांच्या गावाकडची जीप भोंगा वाजवायला लागली. ते उठले, मिरच्यांची पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत गेले. जीप माणसांनी गच्च भरलेली होती. मागच्या फळीवर त्यांना एका पायापुरती जागा मिळाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.